सातव्या नावापुढे शून्य

३० मार्च

प्रिय आत्या,

डॉक्टर मंत्री झाला! उपमंत्री म्हण हवं तर, पण त्याच सरकारात. ज्यांच्या दारात पाऊल ठेवणार नाही असं महिनाभर प्रत्येक चौकात उभं राहून ओरडत होता, त्यांच्याच रांगेत उभं राहून परवा शपथ घेतली. निकालाला अवघे एकोणीस दिवस झाले होते. माझं डोकं अजून ठिकाणावर नाही, त्यामुळे एखादं टिंब इकडचं तिकडे झालं तर समजून घे.

मी लॅबमध्ये होते. एका आजोबांची खालची कवळी मेणात बसवत होते. पुढचे सहा दात लावून झाले होते, सातवा चिमट्यात होता. टीव्हीवर नावं पुकारली जात होती, मी लक्षही देत नव्हते. आणि आवाज ओळखीचा आला. मान वर केली तर डॉक्टर. तोच निळा सदरा, आपल्या ओट्यावर बसून चहा प्यायला होता तेव्हाचा. हातातला दात उडाला तो अजून सापडलेला नाही. मास्तर म्हणाले, "तुझ्या पुढाऱ्याने दात दाखवले ते दाखवले, तू माझे तरी सांभाळ." सगळी लॅब हसली. मीही हसले आणि मग मागच्या खोलीत जाऊन प्लास्टरच्या पोत्यावर बसून रडले.

आजपासून मी त्याला अरेतुरे करणार. इतके दिवस "डॉक्टर म्हणाले", "डॉक्टर येणार आहेत" असं तोंडभरून म्हणत होते. तू चिडवायचीस, "तुझे डॉक्टर जेवले का?"

हे पत्र ब्रेलच्या पाटीवर टोचून लिहितेय. आठ वर्षांची असताना तू शिकवलंस, तेव्हा वाटायचं आपल्या दोघींची चोरभाषा आहे. आताही एका अर्थी बरंच आहे. बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "काय गं, माझ्याबद्दल आहे का?" नाही, बाबांबद्दल काही नाही.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. बाबा सगळ्यांना सांगतात की ताईला अंधशाळेतल्या मुलींना शिकवायची हौस होती, वसतिगृहात खोली मिळाली, गेली. विचारलं तर मीही तेच सांगते. इतक्या घाईत, स्वतःची उशी न घेता कुणी हौसेने जात नाही हे आईला कळतं, पण ती बोलत नाही.

तिथे जेवण बरं आहे का? उत्तर पाठव.

तुझी,
टकळी

११ एप्रिल

प्रिय आत्या,

उत्तर नाही. ठीक आहे. टपाल उशिरा पोचत असेल.

मी गेल्या रविवारी डॉक्टरची पत्रकं काढत फिरले. मीच चिकटवली होती ना, मग काढणार कोण? खळ इतकी घट्ट केली होती की नखं गेली. अर्धा चेहरा निघतो, अर्धा भिंतीला राहतो. भाजीवाली म्हणाली, "लावताना एवढा जीव काढत होतीस, आता काढतानाही तेवढाच?"

आमच्या गटातली मुलं तर आणखी थोर. जो आमचा म्होरक्या होता, कागदी टोप्या वाटायचा, तो म्हणतो, "अगं, आता आपलं माणूस आत आहे, कामं होतील." मी म्हटलं, "आत जायचं नाही यासाठीच आपण मतं मागितली ना?" तर म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतेस." आत्या, माझं पहिलं मत होतं! एकविसाव्या वर्षी पहिल्यांदा शिक्का हातात घेतला आणि तो ह्याच्यावर मारला. मनाला नाही तर कुठे लावू?

एक सांगू? मतं मागायला आलेले सगळे बाबांना विचारायचे, "घरात किती मतं?" आणि बाबा म्हणायचे, "चार." बाबा, आई, तू, मी. तू तिथेच खुर्चीत असायचीस. तुला कुणी विचारायचं नाही. डॉक्टरनेही नाही विचारलं. मी तेव्हा हसले होते, आता ते आठवलं की अंगावर काटा येतो. किल्लीवाले काका तेवढे तुझ्यासमोर उकिडवे बसून म्हणायचे, "ताई, मी काही निवडून येत नाही, पण तुमचं मत मागायला आलोय." दर निवडणुकीला उभे राहतात, दर वेळी अनामत जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बस स्थानकाबाहेर कुलपं उघडत बसतात. वीस वर्षं तू त्यांनाच मत देत आलीस आणि मी वीस वेळा तुझी थट्टा केली.

काल ते समोरून येताना दिसले, तेव्हा मी दुसऱ्या गल्लीत शिरले. का ते विचारू नकोस.

मतदानाच्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मतपत्रिकेवर ठेवून बोटाने नावं मोजायची तुझी खाचांची पट्टी आली नव्हती, मी सोबत आत आले, तू सांगितलंस, झालं. तुला तर सगळं माहीतच आहे.

उत्तर पाठव गं. एक ओळ चालेल.

टकळी

२ मे

आत्या,

मी डॉक्टरला भेटले. त्याच्या दवाखान्यात आता तपासणीचं टेबल भिंतीला लावून ठेवलंय आणि मध्ये खुर्च्या मांडल्यात. दोन तास बसवलं. माझ्या शेजारी एक बाई खोकणाऱ्या मुलाला घेऊन बसली होती, तिला वाटलं अजून दवाखानाच आहे.

मी ठरवून गेले होते की भांडायचं. पण तो इतका गोड वागला, माझं नाव त्याच्या लक्षात होतं, चहा मागवला, आणि माझं अवसानच गळालं. मी एवढंच विचारलं, "तुम्ही असं का केलंत?" (अरेतुरे तोंडातून निघालंच नाही. लाज वाटली माझी मला.)

तो म्हणाला, "हे बघ, लोकांनी मला मत दिलं म्हणजे माझ्यावर विश्वास टाकला. विरोधात बसून ती सगळी मतं वाया गेली असती. मी ती कामाला लावली. आज नाही पटणार त्यांना, पण भलं त्यांचंच आहे."

मी थंडगार पडले. त्याच्या बोलण्याने नाही. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, शब्दाला शब्द. सहा मार्चला, पडद्याच्या आत, माझ्याच डोक्यात.

आता लिहिते. पाटीवर लिहिलेलं खोडता येत नाही हे बरंय, नाहीतर मी चार वेळा खोडलं असतं.

त्या दिवशी केंद्राधिकारी म्हणाले, "पट्टी वरून आलीच नाही, सोबत कुणी असेल तर घ्या." तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी प्रतिज्ञेच्या कागदावर सही केली: मतदार सांगेल तिथेच शिक्का मारीन, कुणाला सांगणार नाही. तू आत माझ्या कानाशी आलीस आणि म्हणालीस, "सातवा. किल्लीवाले." आणि मी तिसऱ्यावर मारला. डॉक्टरवर.

आत्या, मी तिसऱ्यावर मारला.

हात चुकला असं सांगायचा विचार मी दोन महिने करतेय. हात चुकला नाही. मी दिवसभर चिमट्याने दात बसवते, अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे होऊ देत नाही. मला वाटलं, आत्याचं मत दर वेळी वाया जातं, ह्या वेळी मी ते कामाला लावते. तिला काय कळणार? भलं तिचंच आहे. तू विचारलंस, "नीट?" आणि मी म्हटलं, "नीट." आवाजसुद्धा हलला नाही माझा. येताना रस्त्यात तू मला लहान पोरीसारखा सरबताचा हट्ट करू दिलास, आणि मी ते पिऊनही आले.

एक मत लाखभर मतांत दिसणार कसं, असं मी धरून चालले होते. प्रत्येक केंद्राच्या मोजणीचा तक्ता शाळेच्या फाटकावर लावतात हे मला माहीतच नव्हतं. मी डॉक्टरचा एकूण आकडा बघून नाचत घरी आले होते. किल्लीवाले काका मात्र प्रत्येक फाटकावर जाऊन आपला आकडा वहीत उतरवून घेतात. आणि आपल्या केंद्रावर त्यांना वीस वर्षं एक मत पडत होतं. एकच. कुणाचं ते त्यांना माहीत होतं, तुला माहीत होतं. ह्या वेळी सातव्या नावापुढे शून्य.

निकालानंतरच्या रविवारी सकाळी ते आले तेव्हा तू भाजी निवडत होतीस. मी दाराशीच होते. ते म्हणाले, "ताई बऱ्या आहेत ना? नाही म्हणजे, तुमच्या केंद्रावर ह्या वेळी शून्य आलं. म्हटलं काही बरंवाईट तर झालं नाही?" त्यांना वाटलं तू गेलीस! तक्रार करायला नव्हते आले गं ते. तू आहेस की नाहीस ते बघायला आले होते.

तू म्हणालीस, "मी बरी आहे. मत द्यायला गेले होते."

"मग राहू द्या. मन बदलतं माणसाचं. मी रागावलो नाही."

"माझं मन बदललं नाही," तू म्हणालीस.

तुझे हात भाजीत तसेच थांबले होते. तू माझ्याकडे तोंडही वळवलं नाहीस. आणि मी काय म्हणाले? "मला लॅबला उशीर होतोय." रविवारी! रविवारी लॅब बंद असते हे तुला माहीत नव्हतं का?

तीन दिवसांनी तू बॅग भरलीस. कुणाला काही सांगितलं नाहीस. माझी अब्रू राखलीस की माझ्याशी बोलायचीही किळस आली, मला अजून कळत नाही.

मी सगळ्या जगाला सांगत फिरले की डॉक्टरने लोकांना फसवलं. त्याने एकोणीस दिवस तरी थांबून केलं. मी सही केली, शाई वाळायच्या आत केलं.

माफ कर असं लिहायला हात होत नाही. तरी लिहिते. माफ कर.

टकळी

२१ मे

आत्या,

तुझं पत्र आलं. बोट फिरवलं तर एकच ओळ. "तुला सांगायला सत्तावन्न दिवस लागले."

मी मोजले. बरोबर सत्तावन्न आहेत. मला वाटलं होतं ओरडशील, किंवा "जाऊ दे" म्हणशील. तू मोजत बसली होतीस हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. मास्तरांनी विचारलं, "आता कोण मंत्री झालं?"

बाबांना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. आधी त्यांना समजलंच नाही. "एकाच्या जागी दुसऱ्याला, एवढंच ना?" म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःच बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मी पण चार-चार म्हणत राहिलो गं." आई रडली. मला वाटलं माझ्यावर, पण ती तुझ्या उशीचा अभ्रा बदलत होती.

उशी पाठवतेय, पार्सलने.

टकळी

२६ सप्टेंबर

आत्या,

सरकार पडलं ते ऐकलंच असशील. सात महिनेही टिकलं नाही. पुन्हा निवडणूक, अठरा ऑक्टोबरला. डॉक्टर आता राज्यकर्त्या पक्षाच्याच चिन्हावर उभा आहे, आणि भिंतींवर त्याचा नवा फोटो आहे, चष्मा लावलेला. जुना म्होरक्या मला टोप्या वाटायला बोलवायला आला होता! मी तोंडात मारली नाही एवढंच. म्हणाला, "मग मत कुणाला देणार?" मी म्हटलं, कुणालाच नाही. खरंच सांगते आत्या, मी मत देणार नाही. ह्या माणसांपैकी कुणी माझ्या आयुष्याचं भलं करील यावर माझा विश्वास उरला नाही, आणि माझ्या हातात शिक्का द्यावा यावर तर मुळीच नाही.

पण बाबांनी फोन केला तेव्हा तू म्हणालीस की येणार. तुझं नाव इथल्याच यादीत आहे. (बाबांशी दहा मिनिटं बोलतेस, "टकळीला दे" म्हणत नाहीस. मी शेजारीच उभी असते. असू दे.) तेव्हा मी ठरवलं की काही झालं तरी तुझी पट्टी केंद्रावर आणायची. मग तुला कुणाच्या खांद्याची गरज नाही. माझ्या तर नाहीच.

निवडणूक कार्यालयात पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या खिडकीवर म्हणाले, अर्ज अंध व्यक्तीने स्वतः वाचून सही करायचा. मी विचारलं, अर्ज ब्रेलमध्ये आहे का? म्हणाले, नाही. दुसऱ्या खिडकीवरच्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही मत कुणाला देणार?" मी म्हटलं, मी देणारच नाही. "मग पट्टी कशाला हवी?" तिसऱ्या वेळी साहेब भेटले. चांगले होते बिचारे. पण म्हणाले, "एका मतासाठी एवढं?"

मला त्यांना सांगायचं होतं की साहेब, ते एक मत पुरतं माहीत आहे मला. पण डोळेच भरून आले. साहेब घाबरले. मला पाणी दिलं आणि तिथल्या तिथे कागदावर शेरा मारला: "पट्टी पुरवावी."

म्हणजे ह्या वेळी तुझी पट्टी येईल. मी शाळेच्या आसपासही फिरकणार नाही, हवं तर.

टकळी

१९ ऑक्टोबर

आत्या,

काल जे झालं ते तुला माहीत आहे. जे तुला दिसलं नाही तेवढं सांगते.

पट्टी आली होती. केंद्राधिकाऱ्यांनी मोठ्या कौतुकाने खोक्यातून काढली. पुठ्ठ्यावर नऊ खाचा. आणि ह्या वेळी उमेदवार बारा! कुणीतरी गेल्या वेळची, कपाटात पडलेली पट्टी शेरा वाचून इमानेइतबारे पाठवून दिली होती. त्यांनी दोनदा मोजल्या. मग तुझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, पहिल्या नवांत कुणी आवडत असेल तर चालेल का?" रांगेतला एकजण फिस्सकन हसला. मी खोलीच्या दाराबाहेर होते, बाबांना सोडायला आले होते आणि निघत होते. ते वाक्य ऐकून माझे पाय तिथेच खिळले. पाच फेऱ्या! आणि हाती काय आलं तर ह्या माणसाचं हे वाक्य.

तू म्हणालीस, "नाही चालणार. पट्टी घेतली तर मी नवांतलं कुणीतरी निवडलं हे तुम्हाला कळेल." ते गोंधळले. "मग सोबत कोण?" बाबा पुढे झाले, तू हात आडवा केलास. तुझ्याबरोबर आलेल्या वसतिगृहातल्या बाई पुढे झाल्या, तर त्या इथल्या मतदार नाहीत. आणि तू मोठ्याने विचारलंस, "माझी भाची आहे का इथे?"

मी हललेच नाही. आईने मला ढकललं, खरंच पाठीत हात घालून ढकललं.

नियम असा निघाला की सोबत्याने आधी स्वतःचं मत द्यायचं. मग मी माझी मतपत्रिका घेतली, आत गेले, बाराही नावं वाचली, आणि ती कोरीच घडी करून पेटीत टाकली. हे तुला खरं सांगते, कारण आता काही लपवायचं नाही. बाराही नावांत एकावरही माझा शिक्का उठेना.

मग पुन्हा तोच प्रतिज्ञेचा कागद. तीच ओळ. ह्या वेळी मी ती पूर्ण वाचली. माझी सही वेडीवाकडी आली, केंद्राधिकाऱ्यांनी तपासून पाहिली.

आत तू लगेच नाव सांगितलं नाहीस. म्हणालीस, "ते सातव्या नावापुढचं एक मत कुणाचं, ते त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, तुला माहीत होतं. ह्याला गुप्त मतदान म्हणत नाहीत टकळे. ह्या वेळी मी गर्दीतल्या कुणाला तरी देणार आहे. तक्ता वाचून कुणाला काही कळता कामा नये. मलासुद्धा." आणि मग तू नाव सांगितलंस.

मी तीनताड उडाले. मला वाटलं तू माझी परीक्षा घेतेस, नाहीतर चेष्टा करतेस. मी म्हटलं, "पुन्हा सांग." तू तेच नाव पुन्हा सांगितलंस, अगदी शांतपणे.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तुझ्या टेबलावर पडलेला कागद वसतिगृहातली कुठलीही मुलगी बोटाने वाचू शकते. आणि सही केली आहे मी.

आता जे सांगते ते ऐकून तुला माझा राग येईल. शिक्का हातात होता आणि मला वाटलं, हिला काय कळतंय! तेच, आत्या. अगदी तेच वाटलं. एवढं रडून, एवढी पत्रं लिहून, साडेसात महिन्यांत मी तसूभरही बदलले नव्हते. तुझा हात माझ्या खांद्यावर होता, तुला माझा श्वास ऐकू येत असणार. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. बाहेरून केंद्राधिकारी खोकले.

मग मी शिक्का मारला.

तू विचारलंस, "मारलास?" मी म्हटलं, "मारला." तू "नीट?" विचारलं नाहीस. तेवढं मात्र मला फार लागलं. बसमध्ये चढताना तू बाबांचा हात धरलास आणि मला म्हणालीस, "उशी पोचली." चढलीस, गेलीस.

टकळी

२४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

काल तक्ता लागला. डॉक्टर निवडून आला. आठ हजारांनी. आपल्या केंद्रावरसुद्धा पहिला! भाजीवालीने मत दिलं, शेजाऱ्यांनी दिलं, ज्या बाईचा मुलगा खोकत होता तिनेही दिलं असेल. मी फाटकाशी उभी राहून तो आकडा कितीतरी वेळ बघत होते. लोकांना माहीत नाही असं नाही. सगळं माहीत असून दिलं. मला वाटत होतं फसवणुकीचा धक्का सगळ्यात मोठा. त्याच्यापेक्षा हा मोठा निघाला.

किल्लीवाल्यांच्या नावापुढे शून्य.

ते आज सकाळी आले. मी एकटीच घरी होते. ह्या वेळी आत बसले नाहीत, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"ताई बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे."

"आल्या होत्या म्हणे मतदानाला."

"हो."

"पट्टी?"

"पट्टी चुकीची आली होती."

त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. आतल्या किल्ल्या वाजल्या. "मग सोबत कोण होतं?"

मी म्हटलं, "मी."

आत्या, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघत राहिले. मार्चमधलं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, पण ते काही खुळे नाहीत. मग हळूच म्हणाले, "बाळ, माझं जाऊ दे. तिचं तरी तिला राहू द्यायचं होतंस."

एका वाक्याचं काम होतं. "काका, ह्या वेळी तिनेच दुसरं नाव सांगितलं," एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते. ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते म्हणजे तुझं मत त्यांच्या हातात काढून देणं झालं असतं, पुन्हा एकदा. मी मूग गिळून उभी राहिले. ते ओट्याच्या पायऱ्या उतरून गेले. कोपऱ्यावरून वळताना त्यांनी मागे पाहिलं नाही. आता ते मला आयुष्यभर चोरच समजणार, आणि मी त्यांना कधीच काही सांगू शकणार नाही.

मी दार लावलं आणि पाटी काढून बसले.

तू जे नाव सांगितलंस त्याच्यापुढे तक्त्यावर शेकड्यांनी मतं आहेत. त्यात तुझं एक आहे की नाही, हे तुला कुणी वाचून दाखवू शकत नाही. तू तसंच ठरवलं होतंस. पडद्याआड मी आणि तू होतो, आणि बघणारी मी एकटी होते. तुझ्याकडे फक्त माझा शब्द आहे, आणि तो किती पोकळ असू शकतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

तू सांगितलंस तिथेच मारला, आत्या.

टकळी